कापूस घरात, मजूर रस्त्यावर

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे पीककर्जाचा विषय आहे, वीजबिलाचा आहे, खरेदी केंद्रांचा आहे. त्या सगळ्यांच्या आधी २०२० च्या टाळेबंदीचा विषय घ्यायचा असे आम्ही ठरवले, तेव्हा काही कार्यकर्ते म्हणाले, हे मढे आता कशाला उकरायचे? रोग ओसरला, माणसे गेली ती गेली, आता पुढचे बघा. आमचे म्हणणे एवढेच की विसरायला हरकत नाही, पण हिशेब करून विसरू. हिशेब न करता विसरून जायची शेतकऱ्याची सवय फार जुनी आहे, आणि सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांच्या ती सोयीची आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. रोग खोटा नव्हता. बंधने सगळीच चुकीची होती असेही आम्ही म्हणत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्या गावांनी आठवड्यात चार-चार मयती पाहिल्या, त्या गावांपुढे उभे राहून असे बोलायची आमची छाती नाही. प्रश्न वेगळा आहे. बंधने घालताना कोणाचा विचार झाला, कोणाचा झाला नाही, आणि त्याचे बिल कोणाच्या नावावर फाटले?

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि त्याच रात्री बारापासून देश बंद झाला. मध्ये चार तास. २१ दिवस म्हणून सुरू झालेली बंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. मार्चअखेर म्हणजे आपल्याकडे काय असते? शहरातल्या माणसाला ते वर्षअखेर वाटते. आपल्याकडे रब्बीची ज्वारी नुकतीच कापून खळ्यावर आलेली असते, कडबा विकायचा असतो, लग्ने धरलेली असतात, आणि ज्याला पैशाची निकड नाही किंवा ज्याला भाव पटला नाही त्याचा कापूस घरात असतो. त्या वर्षी तो नेहमीपेक्षा जास्त होता. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसाने फुटलेली बोंडे भिजवली होती, वेचणी लांबली होती. ओला कापूस वाळवून, निवडून, बऱ्या भावाची वाट पाहत लोकांनी तो माजघरात, ओसरीत, काहींनी झोपायच्या खोलीत भरला होता.

आता कोणी म्हणेल, शेतीला तर सूट होती. होती. २७ मार्चला केंद्राने आदेशात पुरवणी काढली. शेतकरी आणि शेतमजूर यांची शेतातली कामे, बाजार समित्या, हमीभावाची खरेदी, बियाणे-खताची दुकाने यांना मोकळीक दिली. कागदावर शेती तिसऱ्या दिवशीच उघडली. पण कापूस कागदावर विकला जात नाही. कापूस विकायचा तर जिन चालू पाहिजे. जिन चालायला मजूर पाहिजेत. ते परजिल्ह्यातले, परराज्यातले, आणि ते गावाकडे निघाले होते. जिनमधून एक क्विंटल कापसाची ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ घ्यायला सूतगिरणी चालू पाहिजे, ती बंद. सरकी घ्यायला तेलाची गिरणी पाहिजे, ढेपेला गिऱ्हाईक पाहिजे, गाडीला ड्रायव्हर पाहिजे, ड्रायव्हरला वाटेत जेवायला ढाबा पाहिजे. साखळीची एक कडी उघडून बाकीच्यांना कुलूप ठेवले तर ती उघडी कडी काय कामाची? शेतीला सूट देणाऱ्या साहेबांच्या डोक्यात शेती बांधापाशी संपते. आपल्याला ठाऊक आहे की शेतीचा खरा धोका बांधाच्या पलीकडे सुरू होतो.

आणि ही साखळी आपल्या तालुक्यापुरती नाही. अमेरिका-युरोपात कपड्यांची दुकाने बंद झाली. त्यांनी बांगलादेशातल्या शिलाई कारखान्यांना दिलेल्या ऑर्डरी रद्द केल्या. बांगलादेश हा आपल्या रुईचा आणि सुताचा मोठा गिऱ्हाईक. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात १ एप्रिल २०२० च्या सुमारास रुई पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली. तिकडे न विकलेल्या शर्टाचा भाव इकडे यवतमाळ-वाशीमच्या, परभणी-बीडच्या माजघरातल्या कापसाला लागला. बाजार चढतो तेव्हा हा निरोप आपल्याकडे फार उशिरा पोचतो. पडतो तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी अडत्याच्या तोंडी असतो.

हमीभाव होता, लांब धाग्याला क्विंटलला ५,५५० रुपये, मध्यम धाग्याला ५,२५५. सरकारी खरेदी एप्रिलअखेर हळूहळू सुरू झाली. तिची तऱ्हा तुम्ही पाहिलीच आहे. आधी नाव नोंदवा, सातबारा आणा, त्यावर कापसाचा पेरा दाखवा, मग निरोपाची वाट पाहा. गर्दी नको म्हणून केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या. साधे गणित करा. समजा एका केंद्रावर दोन हजार शेतकऱ्यांची नोंदणी आहे आणि दिवसाला २० गाड्या घेतल्या जातात. शेवटच्या गाडीचा नंबर शंभराव्या दिवशी. एप्रिलअखेरपासून शंभर दिवस म्हणजे ऑगस्ट आला. मृग काय शंभर दिवस थांबतो?

नंबर लागला तरी ग्रेडर आहेच. खरेदी फक्त चांगल्या दर्जाची. फरदड, कवडी, पावसात भिजून पिवळा पडलेला कापूस परत. कापूस पिवळा पडला तो काही शेतकऱ्याने रंगवला नव्हता, तो विकू दिला नाही म्हणून पडला. आणि ज्याने जमीन मक्त्याने किंवा बटईने केली त्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला केंद्राचे दारच बंद. असा सगळा माल गेला तो खेडा खरेदीत. व्यापाऱ्याचा टेम्पो रात्री गावात यायचा, काटा त्याचा, भाव त्याचा, पावती नाही. क्विंटलमागे हजार रुपये कमी धरले आणि वीस क्विंटल कापूस धरला तरी एका घराचे वीस हजार गेले. पेरणीच्या तोंडावरचे वीस हजार! त्या वर्षी बीटी बियाण्याची थैली ७३० रुपयांना होती. मोजून पाहा किती थैल्या होतात.

न्यायाने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे की त्या हंगामात सीसीआयने देशभरात शंभर लाख गाठींहून अधिक कापूस घेतला. एवढी खरेदी तोवर झाली नव्हती. ती झाली नसती तर भाव आणखी कोसळला असता. पण खरेदी किती झाली यापेक्षा ती कधी झाली आणि कोणाची झाली, हे शेतकऱ्याला महत्त्वाचे. जो थांबू शकला त्याला हमीभाव मिळाला, ज्याचे अडले त्याने टेम्पोत घातला. आणि पुढे? न्यूयॉर्कला तीच रुई मे २०२२ मध्ये १५० सेंटच्या वर गेली, आपल्याकडे २०२२ च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला १०,००० रुपये ओलांडले. दोन वर्षांपूर्वी ज्याने रडत विकला, त्याच्या हाती तेव्हा विकायला किती उरला होता?

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे, म्हणून यातली एक गोष्ट जरा खोलात सांगतो, कारण ती वर्तमानपत्रात आली नाही. कापूस मे-जूनपर्यंत घरात राहिला की वजन घटते, रंग जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या पोरांच्या अंगाला खाज सुटते, हेही तुम्ही भोगले आहे. पण त्या कापसात सरकीच्या आत गुलाबी बोंडअळीही झोपलेली असते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात ती उन्हाळा काढते. पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग होऊन बाहेर येते आणि नव्या पऱ्हाटीला पात्या-फुले आली की तिच्यावर अंडी घालते. म्हणून तर आम्ही दरवर्षी घसा कोरडा करतो की फरदड ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीत रान मोकळे करा, जिनमध्ये सापळे लावा, कापूस वेळेत पिळून जाऊ द्या. २०२० साली घरोघरी आणि जिनच्या आवारात कापूस पावसाळ्यापर्यंत पडून राहिला. त्या खरिपात विदर्भात बोंडअळी आणि बोंडसड या दोघींनी पऱ्हाटी झोपवली. ते एकट्या टाळेबंदीमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पाऊसही लांबला होता, आणि अळीने बीटीला दाद देणे आधीच सोडले होते. पण अळीला गावातच बिऱ्हाड मिळाले, ते या बंदीने मिळाले. माणसांची साथ रोखण्याचे आदेश काढताना पिकांच्या साथीचा विचार करणारा एकही माणूस त्या टेबलाभोवती नसावा.

आता मजुरांचे. ८ मे २०२० ची पहाट. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळकडे निघाले होते, तिथून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी गाडी मिळेल या आशेने. रस्त्याने गेले तर पोलीस अडवतील म्हणून रुळावरून चालले. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. मालगाडी आली. १६ जण गेले. रुळावर भाकरी पडलेल्या होत्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिला. ती माणसे कोण होती? शेतात भागत नाही म्हणून कारखान्यात गेलेली शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची पोरे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने संसदेत सांगितले की एक कोटीवर स्थलांतरित मजूर घरी परतले, आणि वाटेत किती मेले याची नोंद सरकारकडे नाही. जनावरांची गणना होते या देशात.

आपले ऊसतोड मजूर, बीडचे, जालन्याचे, परभणीचे, लाखाच्या वर माणसे, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकून पडली. पाचटाच्या खोपटात लहान लेकरे, गाभण जनावरे. गाळप संपलेले, कोयता बंद, म्हणजे मजुरी बंद. त्यांना घरी सोडण्याचा आदेश निघाला एप्रिलच्या मध्यानंतर. साखर देशाला गोड लागते, पण ती तोडणारा माणूस जिल्ह्याची हद्द ओलांडतो तेव्हा तो रोगाचा वाहक ठरतो.

परतलेली माणसे गावात आली तेव्हा काम कुठे होते? सरकारने अर्थसंकल्पात रोजगार हमीला ६१,५०० कोटी ठेवले होते, मे महिन्यात त्यात ४०,००० कोटींची भर घातली. महाराष्ट्रात मजुरीचा दर होता दिवसाला २३८ रुपये. त्या वर्षी देशात ११ कोटी माणसे या कामावर गेली. ही योजना शेतमजुरीचे दर बिघडवते अशी तक्रार आपल्यातलेच काही जण वर्षानुवर्षे करत आले. त्या उन्हाळ्यात तिने चुली पेटत्या ठेवल्या, हे त्यांनीही मान्य करावे. आणि ती योजना मुळात १९७२ च्या दुष्काळातून याच महाराष्ट्राने देशाला दिलेली आहे, हे दिल्लीवाल्यांनी लक्षात ठेवावे.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न पहिल्या सरकारी अंदाजाप्रमाणे २३.९ टक्क्यांनी घटले. कारखाने, बांधकाम, हॉटेले, वाहतूक, सगळे खाली. वाढली ती फक्त शेती, ३.४ टक्क्यांनी. मोठमोठ्या माणसांनी तेव्हा शेतकऱ्याची पाठ थोपटली. पाठ थोपटताना त्यांनी पिकाचे ढीग पाहिले, काटापट्टी पाहिली नाही. रेशनवर ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य फुकट वाटले ते कोठारात होते म्हणून, आणि कोठारात होते ते शेतकऱ्याने पिकवले म्हणून. त्याबद्दल आमची तक्रार नाही. उपाशी माणसाच्या तोंडचा घास कोण मोजेल? पण ते धान्य गहू आणि तांदूळ होते. आपली ज्वारी, जिला क्विंटलला २,५५० रुपये हमीभाव जाहीर झालेला होता, ती घ्यायला कोण आले? आठवडी बाजार बंद, बैलबाजार बंद, शेळ्यांचा बाजार बंद. कोरडवाहू शेतकऱ्याची बँक म्हणजे शेळी. अडीअडचणीला ती विकायची. तीच बँक सरकारने बंद ठेवली.

गावातल्या धंद्यांचे वेगळे काय सांगायचे? न्हाव्याचे, शिंप्याचे, चहावाल्याचे, काळी-पिवळीवाल्याचे. त्यांना मोठ्या पॅकेजमधून कर्ज मिळेल असे सांगण्यात आले. गिऱ्हाईक नाही त्याला कर्ज म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यात हार. रिझर्व्ह बँकेने हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलायला परवानगी दिली, पण व्याज थांबले नव्हते. आमच्या बचत गटांच्या बायकांना हे कोणी समजावून सांगितले नाही. हप्ता माफ झाला असेच त्यांना वाटले.

आता तब्येतीचे. हे सगळे आपण सोसले ते कशासाठी? दवाखाने सज्ज व्हायला वेळ मिळावा म्हणून. तो वेळ कसा वापरला गेला, हा खरा प्रश्न. सपाटीवर तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे हा सरकारचाच नियम. तिथे डॉक्टर रात्री असतो का, हे मी तुम्हाला विचारत नाही, तुम्हीच मला सांगाल. गावोगाव ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या त्या आशाताई, आणि त्यांनाच जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावे लागले. बाकीचे रोग काही टाळेबंदीत थांबले नव्हते. देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४ लाख रोगी नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख लोक एका वर्षात बरे झाले नाहीत, ते नोंदलेच गेले नाहीत. ते खोकत घरी बसले आणि घरच्यांना रोग दिला. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, अडलेली बाळंतीण, यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात खाट होती का? २०१७ च्या फवारणीत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर तरी विषबाधेची खाट कुठल्याही साथीत हलवू नये, एवढे शहाणपण यायला हवे होते.

दुसरी लाट तर आपल्याच भागातून वर आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीला पुन्हा टाळेबंदी लागली, एप्रिलमध्ये सगळ्या राज्यात कडक निर्बंध आले. २० एप्रिलपासून किराण्याचे दुकान सकाळी सात ते अकराच. बारा तासांची गर्दी चार तासांत कोंबली की ती कमी होते, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? दुकान जास्त वेळ उघडे ठेवले तर माणसे पांगतात. बाजाराच्या दिवशी भाजी विकणाऱ्या कोणत्याही बाईला हे कळते.

ज्यांनी वेगळा रस्ता धरला त्यांची उदाहरणेही आपल्याच राज्यात आहेत. हिवरे बाजारने घरोघर तपासणी केली, रोगी लवकर शोधला, त्याला बाजूला ठेवले आणि गावाने त्याची शेतीची कामे अडू दिली नाहीत. मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झाले. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ऑक्सिजनचे प्रकल्प उभे करायला घेतले. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे टाक्यांसाठी धावत होती तेव्हा तो जिल्हा आपल्या पायावर उभा होता. वेळ सगळ्यांनाच सारखा मिळाला होता.

बंधने ज्या कायद्यांनी घातली त्यातला एक १८९७ चा. मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्यात सरकारने काय काय करावे याला मर्यादा नाही, आणि ज्याचा धंदा बुडाला त्याला काय द्यावे याचा शब्द नाही. त्याच वर्षी पुण्यात सोजिरांनी घरे धुंडाळली तेव्हा लोक रोगी लपवू लागले. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. २०२० मध्येही लोकांनी ताप लपवला, कारण नाव कळले की घराला पाटी आणि गावात बोटे. धाकाने रोग पळत नाही, तो लपतो. आणि बंदीचे आपल्याला काय कौतुक? एकाधिकार योजनेत कापूस राज्याच्या हद्दीपार नेला की पोलीस गाडी धरत, ते पाहिलेले म्हातारे इथे समोर बसले आहेत. फरक एवढाच की त्या वेळी कापूस गुन्हेगार होता, या वेळी माणूस.

दुसरा कायदा २००५ चा, आपत्ती व्यवस्थापनाचा. त्याचे तेव्हाचे, २०२५ च्या दुरुस्तीने वगळले गेलेले, १३ वे कलम कार्यकर्त्यांनी नीट वाचावे. मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांना कर्जफेडीत सवलत किंवा सोप्या अटींवर नवे कर्ज देण्याची शिफारस करता येते, असे त्यात लिहिलेले होते. बंदी घालताना कायदा हाती घेतला, हे पान मात्र उघडले नाही. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये मृतांच्या कुटुंबांना मदत द्यायला सरकारला भाग पाडले आणि पुढे ५०,००० रुपये ठरले. म्हणजे मागितले तर मिळते. मे २०२० मध्ये राज्य सरकारनेही बँकांना सांगितले होते की कर्जमाफीच्या यादीतल्या ज्यांची रक्कम आलेली नाही त्यांच्या खात्यावर ‘शासनाकडून येणे’ असे दाखवा आणि नवे कर्ज द्या. किती शाखांनी दिले?

तेव्हा आमचे मागणे असे की पुढे कधी असा प्रसंग आला, मग तो माणसांच्या रोगाचा असो की जनावरांच्या, तर शेतमाल विकण्याची सबंध साखळी, मजुराच्या जेवणापासून गिरणीच्या काट्यापर्यंत, एकाच आदेशात उघडी राहावी. माणसांना घरी पोचायला मुदत आणि गाड्या बंदीच्या आधी मिळाव्यात. बंदीमुळे पिवळा पडलेला कापूस सरकारने दर्जा न बघता घ्यावा. आणि पीककर्जाचा विचार बंदीच्याच दिवशी सुरू व्हावा. या मागण्यांचा ठराव आज मांडला जाईल, त्यावर मोकळेपणी बोला. मक्त्याने जमीन करणाऱ्यांनी आणि बचत गटाच्या बायकांनी आधी बोलावे.

ठरावाला पुरावा लागेल. मार्च ते जुलै २०२० मध्ये ज्यांनी कापूस किंवा ज्वारी विकली त्यांनी घरातल्या पिशव्या, पोथीची पाने, पत्र्याच्या पेट्या उघडून काटापट्ट्या शोधाव्यात. खेडा खरेदीत पावती मिळाली नसेल तर किती क्विंटल, काय भाव, कोणत्या आठवड्यात, एवढे कागदावर लिहून गावातल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. तालुका कार्यकर्त्यांनी हे कागद पुढच्या बैठकीच्या आधी गोळा करून आणावेत. कोरे फॉर्म बाहेर टेबलावर ठेवले आहेत.